उंबऱ्याखालच्या काड्या

जेवायला बसला असाल तर हे आत्ता वाचू नका. आधी ताट होऊ द्या, हात धुऊन या, मग वाचा.

थट्टा नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पुढ्यातलं पिठलं तसंच राहिलं होतं.

खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्या घरात हे घडलं ते माझ्या वडिलांच्या सख्ख्या आत्याचं घर. कोकिळाआत्याचं. वडनेर भोलजीच्या अलीकडे, नाल्याकाठी लहानसं गाव आहे, तिथलं. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दिवाळी सरली की कापसाच्या बैलगाड्या रांगेनं खामगावच्या वाटेला लागायच्या. आत्याचे यजमान हिंमतराव यांनी म्हातारपणी माझ्या वडिलांना हे सांगितलं. त्या माणसाला थापा मारायची सवय नव्हती. तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट होती...

पण तिथून सांगितलं तर कळायचं नाही. आधी तांबीचं सांगायला हवं.

कोकिळा लग्न होऊन सासरी आली, तेव्हा तिच्या बैलांच्या दमणीच्या सावलीतून चालत एक तांबडी कुत्रीही आली. अर्धवट वाढलेली, माहेरच्या अंगणातली. वाटेत वऱ्हाड्यांनी हाकलली, ढेकळं मारली. ती थोडी मागं राहायची आणि पुन्हा चाकाशी यायची. कोकिळेनं माप ओलांडलं, आणि तिच्या मागून कुत्रीनंही उंबरा ओलांडला. सासूनं, मनकर्णाबाईंनी, कपाळाला हात लावला.

"सून एक मांगतली होती. आल्या दोघी!"

लोक हसले. कुत्री राहिली.

त्या घराण्यात एक रीत होती. कुत्रं पाळायचं ठरलं की कडब्याची एक काडी घ्यायची, त्याच्या शेपटीला लावून तेवढीच तोडायची आणि उंबऱ्याच्या आतल्या अंगाला जमिनीत पुरायची. वरून सारवायचं. मग ते कुत्रं घर सोडत नाही. आणि ते मेलं की काडी उकरायची, मोडायची, गावाच्या शिवेपलीकडे टाकायची आणि तोंडानं म्हणायचं, "जा आता. तुझं इथलं संपलं."

हे म्हणायचंच. न म्हणता परतायचं नाही.

तर तांबीची काडी पुरली गेली. माहेरचं म्हणून कोकिळेजवळ तेवढंच होतं. तिला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे सगळी माया त्या कुत्रीवर. तांबी एकदाच व्याली. एवढी तोंडं पोसायची कुठून म्हणून मनकर्णाबाईंनी पिल्लं टोपलीत घालून गड्याच्या हाती शिवेबाहेर सोडायला दिली. कोकिळा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. सासूपुढे बोलायची टाप नव्हती.

त्यानंतर कितीतरी दिवस तांबी पिल्लांच्या रिकाम्या पोत्याजवळ येऊन उभी राहायची. पोट आत ओढायची. हप्... हप्... असा आवाज काढायची. आणि पोटातलं सगळं त्या पोत्यावर ओकायची. गरम, वाफाळतं.

कुत्री पिल्लांना असंच भरवते. शेतकऱ्याच्या घरात हे काही कोणाला शिकवावं लागत नाही.

ओकून झालं की ती बाजूला बसायची आणि वाट बघायची. खायला कोणी येत नसे. मग कोकिळा त्यावर राख टाकून सुपलीनं भरून न्यायची. तिला किळस यायची आणि रडूही यायचं.

पुढे तांबी म्हातारी झाली. एका पावसाळ्यात तिच्या कानाला जखम झाली, तिच्यावर माशी बसली आणि किडे पडले. नुसते कातड्यावर नाहीत, आत. कान हलला की ते टपटप खाली पडायचे. कोकिळा सीताफळीचा पाला वाटून त्याचा रस कानात पिळायची आणि वर आलेले किडे बोटानं उचलून विस्तवात टाकायची. पाल्याचा तो उग्र हिरवा वास आणि त्याखालून सडक्या मांसाचा वास... हिंमतराव अंगणात ताट नेऊन जेवायला लागले. मला हे लिहितानाही मळमळतं, पण हा वास सांगितल्यावाचून पुढं जाता येत नाही.

तांबी आश्विनात गेली. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, तिला पुरलं.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "काडी काढ वं, अन् फेकून ये."

कोकिळेनं खुरपं घेतलं. उंबऱ्याशी उकरलं. काडी निघाली. वितीएवढी, काळी पडलेली, पण शाबूत. तिनं ती हातात धरली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सासरी सोबत म्हणून आलेली ती एकच. तिला "जा" कसं म्हणायचं?

तिनं काडी पुन्हा तिथंच ठेवली. माती लोटली. वरून सारवलं. मग गंजीतली दुसरीच एक काडी उपसली, शिवेवर जाऊन मोडली, फेकली आणि घरी आली.

"टाकली?" सासूनं विचारलं.

"हाव."

एवढंच. एवढ्यानं घात झाला.

तांबी गेली तशी कोकिळेचं खाणं सुटलं. भाकरीचा पहिला तुकडा हातात घेऊन ती दाराकडे बघत बसायची. शेवटी हिंमतरावच म्हणाले, "चाल. निवृत्तीच्या वावरात कुत्री व्याली हाय. दुसरं आनू."

"मले नाही पाह्यजे."

"पाहाले काय जाते? चाल त खरी."

निवृत्ती शेजारच्या शेताचा शेतकरी, हिंमतरावांचा जुना दोस्त. त्याच्या खोपटाआड कडब्यात चार पिल्लं दिसत होती. त्यानं एक तांबडं उचलून पुढं केलं. "वयनी, हे घ्या. तुमच्या तांबीवानीच हाय, पाहा!"

कोकिळेनं तोंड फिरवलं. "तांबडं नाही. तांबडं नको मले."

हिंमतरावांनी एकेकाला मानेच्या कातडीला धरून उचलून पाहिलं. जे कुईकुई करत नाही ते राखणीला चांगलं, हा त्यांचा हिशेब. एक मोठं कबरं पिल्लू लटकूनही गप्प राहिलं. तेवढ्यात कडब्यातून अजून एक बाहेर आलं. काळं-पांढरं, मुठीएवढं, एक कान दुमडलेला. चालताना कलंडत होतं.

"हे कायचं पिल्लू बे निवृत्ती? हा त उंदीर हाय."

"जगत नाही ते," निवृत्ती म्हणाला. "बाकीचे त्याले पिऊच देत नाहीत."

ते पिल्लू कोकिळेच्या पायाशी आलं आणि तिच्या अंगठ्यावर हनुवटी टेकून बसलं.

"मले हेच पाह्यजे."

"काऊन? धडधाकट सोडून?"

"ह्याले दुसरं कोनी नेनार नाही म्हनून."

हिंमतराव हसले. किती दिवसांनी बायको काही मागत होती. कोकिळेनं पदरात बांधून आणलेली गुळभाकरी पिल्लाच्या आईपुढं ठेवली. आईला भरवल्याशिवाय पिल्लू उचलायचं नाही, ही त्या भागातली चाल. कुत्रीनं भाकरी खाल्ली आणि पिल्लू नेताना नुसती बघत राहिली. ते मादीच निघालं. नजर लागू नये म्हणून नाव ठेवलं चिंधी.

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी कडब्याची नवी काडी घेतली. "येवढूसं त शेपूट, तेही वाकडं. मोजावं कसं?" असं म्हणत बोटाएवढी काडी तोडली आणि खुरपं मागितलं.

कोकिळेनं खुरपं आणलं, पण सासूच्या हाती दिलं नाही.

"द्या, मी पुरतो," ती म्हणाली.

सासूकडे पाठ करून तिनं उंबऱ्याशी उकरलं. काळी काडी होती तशीच होती. तिच्या शेजारी तिनं पिवळी बोटभर काडी ठेवली आणि सारवून घेतलं.

अंगणात तुळशीचं लग्न लागलं. घरभर सारवण वाळून खडखडीत झालं.

तेवढी एक जागा वाळली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिंमतराव कापसाची गाडी जुंपून खामगावला निघाले. कोकिळा सडा टाकायला उठली. अजून अंधार होता. चिंधी दाराजवळ पोत्यावर निजली होती. कोकिळेनं बादली उचलली, आणि...

हप्...

हप्... हप्...

पिल्लाला काही झालं असं वाटून ती कंदील घेऊन धावली. चिंधी शांत निजलेली. पोट टम्म फुगलेलं. तिच्या तोंडाशी, पोत्यावर, ओकलेल्याचा ढीग होता. वाफ निघत होती. एवढुशा पिल्लाच्या पोटात एवढं मावणंच शक्य नव्हतं.

त्यात ज्वारीचे दाणे होते. कोकिळेनं कंदील खाली नेला.

दाणे हलत होते.

ते दाणे नव्हतेच. आणि तिला वास आला. वाटलेल्या सीताफळीच्या पाल्याचा...

आश्विनापासून घरात त्याचं एक पानही आलं नव्हतं.

तिनं राख टाकली, डोळे मिटून सुपलीत भरलं आणि उकिरड्यावर नेऊन टाकलं. हात चार वेळा धुतले. वास गेला नाही. चिंधीला दूधभाकरी कुस्करून दिली, तर तिनं नुसती हुंगली आणि मान वळवली. पोट भरलेलं होतं ना तिचं.

पुढच्या पहाटे कोकिळा आधीच उठून भिंतीला टेकून बसली. कंदील तेवत ठेवला.

चिंधी एकाएकी उठली. शेपूट हलवायला लागली. मान वर केली आणि जीभ काढून काहीतरी चाटायला लागली. पिल्लं आईच्या ओठांचे कोपरे चाटून खायला मागतात ना, अगदी तशी.

समोर काहीच नव्हतं.

हप्... हप्...

आणि मोठ्या कुत्रीचं तोंड असावं तेवढ्या उंचीवरून, रिकाम्या हवेतून, ते पोत्यावर पडलं. पच्चकन्.

चिंधीनं त्यात तोंड घातलं. मचमच खायला लागली. कोकिळा पुढं झाली, तिला ओढलं, तर ते मुठीएवढं पिल्लू तिच्यावर गुरगुरलं. त्याच्या मिशांना लागलेलं वळवळत होतं.

कोकिळा अंगणात जाऊन भडाभडा ओकली. आणि ओकता ओकता तिला कळलं. तांबी गेलेलीच नव्हती. तिला शेवटी एक पिल्लू मिळालं होतं.

हिंमतराव परत येईपर्यंत चिंधीचे केस झडायला लागले होते. पोट ढोलावाणी आणि पाय काड्यांसारखे. दुमडलेल्या कानातून पिवळं पाणी यायचं. कोकिळेनं कान उलटून पाहिला. आत एक किडा होता... त्याच्यामागं आणखी होते. तांबीचा सडला होता, त्याच कानात. उंबऱ्याजवळची ओली जागा आता चिकट झाली होती. दार उघडलं की तिथून माशांचा ढग उठायचा.

मनकर्णाबाई नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ त्या जमिनीकडे बघत होत्या.

"कोकिळे. तांबीची काडी तू काढली होती ना?"

कोकिळेनं मान खाली घातली.

"बोल ना वं!"

"माह्यानं 'जा' म्हनवलंच नाही."

"अवं माय, हे काय करून ठेवलं! मेलेल्याले का घरात बांधून ठेवतेत? ते लेकरू मरून राह्यलं तुह्यापायी. मोड ते काडी, आत्ताच्या आत्ता!"

भर दुपार होती. ऊन थेट उंबऱ्यात पडलं होतं. हिंमतरावांनी खुरप्यानं उकरलं. माती निघाली नाही, चिखल निघाला. काळपट, बुळबुळीत, तांबड्या केसांचे पुंजके असलेला. हिंमतरावांनी खुरपं टाकलं. कोकिळेनं हात घातला आणि दोन्ही काड्या बाहेर काढल्या.

एक काळी होती, वितीएवढी. एक पिवळी होती, बोटाएवढी. तिनं स्वतःच्या हातानं ठेवल्या होत्या.

आता तिच्या तळव्यावर दोन काड्या होत्या... दोन्ही पिवळ्या. दोन्ही सारख्या लांबीच्या.

"कोनती तांबीची?" हिंमतरावांनी विचारलं.

कोकिळेनं दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या.

"दोन्ही मोड," मनकर्णाबाई म्हणाल्या. "इडापिडा जाऊ दे."

"मंग चिंधी बी जाईन," कोकिळा म्हणाली. "ह्या जिवाले म्या आनलं. घरातून काढू कशी?"

एका काडीला तांबडा केस गुंडाळलेला होता. हीच असणार, असं तिनं ठरवलं. दुसरी पुन्हा पुरली. केसवाली घेऊन ती नाला ओलांडून शिवेवर गेली. काडी मोडली. आतून पू यावा तसं काहीतरी तिच्या बोटांना लागलं. तिनं दोन्ही तुकडे पलीकडे फेकले आणि रडत रडत म्हणाली, "जा आता. तुझं इथलं संपलं."

पायाशी काहीतरी हललं.

चिंधी होती. घरापासून तिच्या मागं आली होती.

ती कोकिळेच्या पायांमधून पुढं गेली. शीव ओलांडली. ते तुकडे पडले होते तिथं क्षणभर थांबली, आणि चालायला लागली.

"चिंधे! ये, ये... यू यू..."

पिल्लानं एकदाही मागं पाहिलं नाही. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत शिरलं. कोकिळा धावली, हिंमतराव धावले. सांजपर्यंत सगळं शिवार पालथं घातलं. निवृत्तीच्या वावरातही ते गेलं नव्हतं. पुन्हा ते कोणाला दिसलं नाही.

काडी चुकली होती.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. पहाटे हिंमतरावांनी पोतं पाहिलं. कोरडं होतं. "सुटलो," ते म्हणाले आणि आडवे झाले.

हप्...

आवाज दारातून आला नव्हता. जवळून आला होता.

हप्... हप्...

कोकिळेच्या गालावर गरम शिंतोडे उडाले. तिच्या उशाशी, तोंडापासून वितीवर, तो ढीग पडला होता. आणि अंधारात कोणीतरी बाजूला बसून वाट बघत होतं. दिसत नव्हतं, पण शेपूट जमिनीवर आपटल्याचा आवाज हिंमतरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. टप... टप... टप...

ते उठले ते अंगणात जाऊन ओकले आणि खुरपं घेऊनच आत आले. "आता एकच काडी हाय. आता चूक होत नाही. सरक."

कोकिळा उंबऱ्यावर बसली होती. लुगडं पसरून, त्या ओल्या जागेवर.

"मी नाही उठत."

"अवं, पागल झाली का तू? घान पाह्य ना ते!"

"तिचे पोरं आपन शिवेवर टाकून देले. म्या पाह्यत राह्यली. चिंधी बी माह्याच हातानं गेली. आता तिले भरवाले माह्याशिवाय कोन हाय? आवो, अन् मले तरी कोन हाय?"

हिंमतरावांनी समजावलं, शिव्या दिल्या, एकदा हातही उगारला. ती उठली नाही. पुढं कितीतरी दिवस ती उंबऱ्याजवळची जागा सोडायचीच नाही. रोज पहाटे तो ढीग पडायचा आणि रोज ती राख टाकून भरायची.

मग एका पहाटे ढीग दिसला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. उशाजवळची जमीन स्वच्छ, चाटूनपुसून घेतल्यासारखी. किती केलं तरी मुकं जनावर, कंटाळून गेलं असेल, असं हिंमतरावांना वाटलं. त्यांनी खंडोबाला नारळ फोडला. मनकर्णाबाईंनी मात्र त्या दिवसापासून सुनेच्या हातचं खाणं सोडलं. का, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

वडिलांनी मला सांगितलं ते इथपर्यंत. मी ते अर्धंच खरं धरलं होतं.

माझं लग्न झाल्यावर मी आत्याच्या पाया पडायला गेले. हिंमतराव तेव्हा वारले होते. आत्या थकलेली, पण ताठ. घरात शहाबादी फरशी आली होती. उंबऱ्याजवळ मात्र एक चौकोन मातीचाच ठेवला होता. मी तो ओलांडून आत आले. ओला होता.

चैत्र होता. त्या महिन्यात सीताफळीला पान नसतं, झाडं खराट्यासारखी उभी असतात. तरी पहाटे मला वासानं जाग आली. हिरवा, उग्र... आणि त्याखाली दुसरा. आत्या पलीकडच्या खोलीत होती. तिथून एक आवाज आला. मग बराच वेळ दुसरा आवाज येत राहिला. मी कानांवर पांघरूण ओढलं.

उजाडल्यावर मी पोहे केले आणि आत्याला हाक मारली. ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली. ताटलीकडे बघून हसली.

"तूच खा बाई," ती म्हणाली. "मले सकायी भूक नसते."